अडतिसावं लेबल

समजा, तुम्हाला इंग्रजीतलं एकच क्रियापद शिकायचं आहे. जवळ पुस्तक नाही, मास्तर नाही, शब्दकोश तर गावातच नाही. पंधरा दिवसांनी एक कार्ड येतं आणि त्याच्या अगदी खालच्या ओळीत त्या क्रियापदाचं एक वाक्य असतं. ते वाक्य घेऊन तुम्ही भाकरी थापायची, आडाचं पाणी शेंदायचं, शेण सारवायचं, आणि पुढचं कार्ड येईपर्यंत ते वाक्य आपल्या भाषेत कुठं बसतं ते शोधायचं. आणि हे सगळं समोर बसलेल्या सासूला कळू न देता.

बदनापूरच्या स्टेशनामागे राहणाऱ्या उमाने हे दोन वर्षं केलं. क्रियापद होतं टेक.

उमा पिंपळगाव रेणुकाईची. वडील तिथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे मराठी चार इयत्ता झालेल्या. सन एकोणीसशे सदतीसमध्ये तिचं लग्न बदनापूरच्या मुकुंदशी झालं. मुकुंदचे वडील पुंजाराम निजाम सरकारच्या रेल्वेत गँगमन होते. परभणीकडे लाईनवर असताना त्यांना साप चावला आणि ते गेले. त्यानंतर मुकुंदला सिकंदराबादजवळ लालागुड्याच्या कारखान्यात घेतलं. आधी शिकाऊ उमेदवार, मग फिटर. घर मिळेपर्यंत बायकोला नेता येत नव्हतं, म्हणून उमा सासूजवळ, द्वारकाबाईंजवळ राहिली.

कारखान्यातला मुकादम साहेब दिवसभर टेक टेक करायचा. हातोडा घे, तेही टेक. झाकण काढ, तेही टेक. घाई नको, सावकाश होऊ दे, तेही टेक. मुकुंद पहिले सहा महिने नुसता भांबावलेला. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की हा शब्द सरकत्या पान्यासारखा आहे. पान्याचा स्क्रू फिरवला की जबडा लहानमोठा होतो आणि एकच पाना दहा मापांचे नट धरतो. त्याने तसं उमाला लिहिलं. पुढे लिहिलं की, हा एक पाना तुझ्या हाताला बसला तर निम्मी इंग्रजी खोलता येईल. इकडे बाजारात तेलुगू आणि उर्दू, कारखान्यात इंग्रजी. तू इथं आलीस आणि मी पाळीवर असलो तर मुक्यासारखी बसशील, ते मला चालायचं नाही.

त्या पत्राबरोबर त्याने बायकोला इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता धाडला आणि एक जुडगं कोऱ्या लेबलांचं. मालगाडीच्या वाघिणींना बांधतात ती जाड कागदाची लेबलं, वरच्या बाजूला भोक असलेली. छपाईत बिघडली म्हणून टाकून दिलेली होती. मागची बाजू कोरी. उमा एका लेबलावर एक वाक्य लिहायची आणि सुतळीत ओवायची. सुतळी तिच्या लुगड्यांच्या गाठोड्यात असायची.

टेक टी. चहा घे. हे सोपं. टेक युवर मेडिसिन. औषध घे. हेही सोपं. मग आली गाडी. आपण गाडी धरतो, साहेब गाडी टेक करतो. आपण आंघोळ करतो, तो टेक करतो. आपण फोटो काढतो, तो टेक करतो. आणि परीक्षा? तिथे तर उमाचं डोकंच फिरलं. आपल्याकडे पोरगं परीक्षा देतं. तिकडे पोरगं परीक्षा टेक करतं. तर मग देतो कोण आणि घेतो कोण? तिने तसं विचारलं. मुकुंदचं उत्तर आलं की हे मलाही कळत नाही, पण साहेबाला विचारलं तर तो म्हणाला, डोन्ट टेक इट टु हार्ट. आणि खाली मराठीत लिहिलं होतं, म्हणजे मनावर घेऊ नकोस. हे बराबर आपल्यासारखंच निघालं बघ.

असं एखादं वाक्य जसंच्या तसं आपल्या भाषेत बसलं की उमाला फार आनंद व्हायचा. निरोप घेणं बसलं. मनावर घेणं बसलं. एकदा आलं, शी टेक्स आफ्टर हर मदर. ती आईच्या मागून घेते? काय घेते? तिने पंधरा दिवस विचार केला. उत्तर आलं, ती आईवर गेली. त्याच कार्डात मुकुंदने लिहिलं की आपल्याला मुलगी झाली तर हे वाक्य कामी येईल. ते वाचताना उमा चुलीसमोर होती आणि तवा तापून लाल झाला तरी तिला भान नव्हतं.

द्वारकाबाईंना वाचता येत नव्हतं. कार्ड आलं की त्या आधी स्वतःच्या हातात घ्यायच्या. वरती मधोमध लिहिलेल्या श्रीवर बोट फिरवायच्या. तेवढं एकच अक्षर त्यांना ओळखता यायचं, तेही वाचता येत होतं म्हणून नाही, रोज देवळाच्या भिंतीवर दिसायचं म्हणून. श्री दिसलं की म्हणायच्या, "हां, बरा हाय माझा लेक. आता वाच."

कारण मरणाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. तसं पत्र वाचून झालं की लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, आणि आंघोळ करायची. ही रीत सगळीकडची. पण द्वारकाबाईंना ती रीत म्हणून माहीत नव्हती, अंगावरून गेलेली होती. पुंजाराम गेले तेव्हा रेल्वेचा लांब कागद आला होता, इंग्रजीत. स्टेशनातल्या बाबूने तो वाचून सांगितला. बाबू सांगत होता आणि द्वारकाबाई कागदाच्या माथ्याकडे बघत होत्या. तिथे श्री नव्हतं. त्याच्याआधी त्यांनी आख्खा इंग्रजी कागद कधी पाहिला नव्हता आणि त्यानंतर अजूनपर्यंत नाही.

उमा कार्ड मोठ्याने वाचायची. शेवटच्या ओळीपाशी थांबायची.

"अन् हे खाली काय लिवलंय?" द्वारकाबाईंनी एकदा विचारलं.

"तारीख हाय, आत्या."

असं ती का म्हणाली, ते तिला नंतर कैक वेळा स्वतःला विचारावं लागलं. लाज वाटली, एवढंच. नवरा बायकोला इंग्रजी शिकवतो हे ऐकून शेजारच्या झुंबरबाईने गावभर केलं असतं. आणि खरं सांगायचं तर ती एक ओळ तिला कोणाशी वाटून घ्यायची नव्हती. बाकी सगळं पत्र आईचं आणि बायकोचं मिळून होतं. ती ओळ तेवढी तिची एकटीची होती.

सदतीस लेबलं झाली तेव्हा मुकुंदने लिहिलं की आता पुढचं पत्र कार्ड नसेल, पाकीट असेल. आख्खं इंग्रजीत लिहीन, आईला आधी सांगून ठेव. तू वाच आणि दोन ओळींचं का होईना, इंग्रजीतच उत्तर धाड. तुझं उत्तर आलं की मी क्वार्टरचा अर्ज देतो. उत्तर नाही आलं तर समजेन की तुझं मन अजून होत नाही. मग मी काही म्हणणार नाही.

ही शेवटची दोन वाक्यं त्याने गमतीने लिहिली होती. उमाला तरी तसंच वाटलं. तिने उत्तर मनात तयारही करून ठेवलं. टेक मी देअर. एवढंच.

पण त्याच आठवड्यात पिंपळगावाहून तिचा भाऊ तिला न्यायला आला. वैशाखात त्याचं लग्न होतं. उमाला जायचं होतं आणि जायचं नव्हतंही. पाकीट येईल, ते सांभाळून ठेवा, एवढं तिने सासूला सांगायला हवं होतं. तेही तिला जमलं नाही, कारण मग पाकीट कशाला, कार्ड का नाही, हे सांगावं लागलं असतं. बैलगाडीत बसताना ती इतकंच म्हणाली की टपाल आलं तर ठेवा, आल्यावर वाचते. तीन आठवडे ती माहेरी होती.

पाकीट आलं ते ती गेल्यावर आठव्या दिवशी. टपालवाले बद्रीनाथ ओट्याशी आले आणि पाकीट उलटंसुलटं करत म्हणाले की सिकंदराबादचा शिक्का आहे, पत्ता इंग्रजीत आहे, काही दफ्तरी कागद दिसतोय. त्यांना पुढे स्टेशनात जायचं होतं. ते गेले.

द्वारकाबाईंनी पाकीट उघडलं. आत रेघा मारलेला कागद. माथ्यावर श्री नव्हतं. सगळीकडे इंग्रजी.

त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. स्टेशन शंभर पावलांवर होतं, बाबू तिथे बसलेला होता. गेल्या नाहीत. दुपारच्या उन्हात त्या दुधना नदीवर गेल्या, वैशाखात जेवढा डोह शिल्लक होता तेवढ्यात कागदाचे तुकडे सोडले, लुगड्यासकट आंघोळ केली आणि घरी आल्या. झुंबरबाईने विचारलं की या वक्ताला आंघोळ कशाची? द्वारकाबाई म्हणाल्या, उकडून राह्यलं.

उमा परत आली तेव्हा तिला सासू वेगळीच वाटली. द्वारकाबाई एरवी हाताला फटकळ, तोंडाला त्याहून फटकळ. आता त्या रोज सकाळी उमाला समोर बसवून तिची वेणी घालू लागल्या. कुंकू स्वतः लावायच्या, नेहमीपेक्षा मोठं. कासारीण आली तर बोलावून घेतली आणि उमाच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. सणवार काही नव्हता.

"आत्या, टपाल आल्तं का?"

"न्हाई."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "न्हाई म्हणलं ना माय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात आपल्या वाटचं दही वाढलं. स्वतः त्या काही खात नव्हत्या. उमाला वाटलं, वय झालं. तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं की क्वार्टर मिळालं तर यांनाही घेऊन जायचं. इथं ठेवायचं नाही.

असे बावीस दिवस गेले. ज्येष्ठात एक कार्ड आलं. बद्रीनाथांनी ते उमाच्या हातात दिलं आणि तिच्याकडे न बघता गेले. कार्ड उघडंच असतं. त्यांनी वाचलेलं होतं. अक्षर मुकुंदचं नव्हतं. माथ्यावर श्री नव्हतं. मुकुंदच्या खोलीत राहणाऱ्या गिरिधरने लिहिलं होतं की मुदतीच्या तापाने मुकुंद वीस दिवस आजारी होता आणि ज्येष्ठ वद्य पंचमीला पहाटे गेला. तो आजारी असताना तार करणार होतो, पण त्यानेच करू दिली नाही. म्हणाला, आई इंग्रजी कागद बघूनच प्राण सोडेल.

उमाच्या हातातून कार्ड गळालं तेव्हा द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी उमाचं डोकं छातीशी धरलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पहिलं आल्तं ते म्याच फाडलं. तू माहेरी गेल्तीस. म्हणलं, सांगत न्हाई तवर पोरीचं कुंकू तरी ऱ्हाईल. जेवढे दिस ऱ्हाईल तेवढे."

"पहिलं कोन्तं, आत्या?"

"पाकीट. इंग्रजी व्हतं. त्याच्यावर श्री नव्हतं."

माणूस कितीही कोसळलेलं असलं तरी डोक्याचा एक कोपरा हिशेब करत राहतो. उमाच्या त्या कोपऱ्याने तिथी मोजल्या. पाकीट वैशाखात आलं. तेव्हा मुकुंद धडधाकट होता, कारखान्यात जात होता, चहा पीत होता, आणि तिच्या उत्तराची वाट बघत होता. ज्या सकाळी तिची सासू तिच्या कपाळावर मोठं कुंकू लावत होती, त्या सकाळी ते कुंकू खरं होतं.

द्वारकाबाईंची हनुवटी तिच्या डोक्यावर होती. या बाईने पाच आठवडे लेकाचं मरण एकटीने पोटात ठेवलं होतं. लेक जिवंत असताना. हे तिला सांगायचं?

उमाने सांगितलं नाही. सुतक संपायच्या आत द्वारकाबाईंनीच भरलेल्या बांगड्या झुंबरबाईने येऊन फोडल्या, तेव्हाही सांगितलं नाही.

दिवस झाल्यावर गिरिधर मुकुंदची ट्रंक घेऊन आला. मूळचा जाफराबादकडचा, सरळ माणूस. बसल्या बसल्या बोलायला लागला की वहिनी, ते पत्र लिहायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या, आणि उमाने त्याला मध्येच तोडून सासूला चहा टाकायला सांगितलं. सासूला काम सांगायची ती आयुष्यातली पहिली वेळ. द्वारकाबाई उठून आत गेल्या.

मग उमाने हळू आवाजात विचारलं आणि गिरिधरने सांगितलं. कागदाला पट्टीने रेघा मारल्या होत्या. दोन कागद बिघडले, ते त्याने सिगडीत घातले. मी वाचतो म्हणालो तर दिलं नाही, नुसता हसत होता. सुरुवात तेवढी मी पाहिली, माय डिअर उमा अशी होती. एकदा त्याने विचारलं की घर या शब्दाला दोन शब्द आहेत, त्यातला चांगला कोणता. मला काय ठावं, मी म्हणालो, साहेबाला विचार. टेक तर त्यात जागोजाग होतं. एक टेक नवं आहे म्हणाला, उमाला याच्यावर डोकं खाजवावं लागेल.

"कोन्तं?"

"त्ये न्हाई सांगितलं, वहिनी."

"अन् मंग?"

मग तो रोज सुटी झाली की टपाल बघायचा. आठ-दहा दिवस. मी चेष्टा करायचो की मास्तरणीला पेपर अवघड गेला वाटतं. तो हसायचा. मग एक दिवस बघायचंच सोडलं.

"त्या दिवशी काय म्हणाले?"

गिरिधरने आठवून पाहिलं. "काहीच म्हणला न्हाई. पाना पुसला, खोक्यात ठेवला. चार दिसानं अंग गरम झालं."

आतून द्वारकाबाई चहा घेऊन आल्या.

ट्रंकेत कपडे होते, दाढीचं सामान होतं, एक सरकता पाना होता आणि उमाची सगळी पत्रं तारखेवार लावलेली. त्यांच्यावर श्री होतं. मसुदा नव्हता. उमाने तीनदा ट्रंक रिकामी केली.

पुढची आठ वर्षं दोघी एकाच घरात राहिल्या. पोटासाठी उमा शिवण शिकली. स्टेशन मास्तरांच्या घरच्या दुर्गाबाई फाटके कपडे द्यायच्या आणि ते ज्यांत गुंडाळलेले असायचे ती इंग्रजी वर्तमानपत्रंही. उमा ती वर्तमानपत्रं दुपारी उलगडून बसायची. इंग्रजी आता द्वारकाबाईंपासून लपवलेलं नव्हतं. त्या विचारायच्या, काय करून राह्यलीस? ती म्हणायची, एक शब्द हुडकते, आत्या. सापडला की लेबल. विमान उडालं, टेक ऑफ. शहर जिंकलं, टेक. एकाने दुसऱ्याला चोर समजलं, तिथेही टेक. प्रत्येक नव्या वाक्यापाशी ती थांबायची. हे असेल का? याच्यावर डोकं खाजवावं लागलं असतं का? हे घराच्या आसपास बसतं का?

अडतिसावं लेबल तिने कोरं ओवलं होतं. वरती फक्त आकडा. पुढची एकोणचाळीसपासून.

सत्तेचाळीसच्या थंडीत द्वारकाबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांनी खाणं सोडलं. एक दिवस दुपारी, उमा त्यांचे पाय चेपत असताना, त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"उमे, त्या पहिल्या पाकिटात काय आसंल गं? तुला आता इंग्रजी येतंय म्हणून इच्यारते. म्या फाडलं ते बराबर केलं ना?"

उमाचे हात थांबले नाहीत.

"बराबर केलं, आत्या. तेच व्हतं त्यात."

"श्री न्हवतंच त्याच्यावर."

"न्हवतंच."

द्वारकाबाईंनी मान हलवली. त्यानंतर त्या पाच दिवस होत्या आणि त्या दिवसांत त्यांनी पेज घेतली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या. निजामाचं राज्य जाणार असं सगळे बोलत होते आणि टपाल येत नव्हतं. मग एका सकाळी शिट्टी ऐकू आली आणि लोक फलाटाकडे पळाले. उमाही गेली. डबे गर्दीने भरलेले, निजाम शरण आला म्हणून माणसं हसत होती, ओरडत होती. मागे चार वाघिणी जोडलेल्या होत्या. त्यांच्या कड्यांना लेबलं बांधलेली, वाऱ्याने हलणारी. उमाने जवळ जाऊन एक हातात धरून पाहिलं. त्याच मापाचं, त्याच कागदाचं.

घरी येऊन तिने सुतळी काढली. एकशे बारा झाली होती. एकेक लेबल बोटाने सरकवत ती अडतिसाव्यापाशी आली. नवं टेक कोणतं होतं, हे कधीतरी अंदाजाने का होईना सापडेल, असं तिला अजूनही वाटायचं. जगात शब्दाचे अर्थ काही अमाप नसतात, संपतातच. तिला खरं विचारायचं होतं ते दुसरंच, आणि ते कुठल्याही वर्तमानपत्रात छापून येणार नव्हतं.

त्या दिवशी पाना पुसून खोक्यात ठेवताना मुकुंदने काय समजून घेतलं होतं? उमाला वाचता आलं नाही, की उमाला यायचंच नाही?